सार्वजनिक आरोग्यसेवा, ठेका पद्धती आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे संप

बेळगाव शहरातून खानापूरकडे जाताना उद्यमबागेचा कारखान्यांचा परिसर मागे टाकला की पिरनवाडी लागते. जांबोटीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. शेती, कारखान्यातील काम, लहानसहान व्यवसाय आणि शहरातील रोजंदारी यांवर या परिसरातील बहुसंख्य कुटुंबांची गुजराण चालते. अशा कुटुंबात दुखणे उद्भवले की औषधोपचाराच्या आधी पैशाचा प्रश्न उभा राहतो. गावातील आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शहरातील बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे बिम्सचे, जिल्हा रुग्णालय ही त्यांच्या दृष्टीने आधाराची पहिली स्थाने होत.

गेल्या काही वर्षांत या भागातील लोकांच्या कानावर दोन प्रकारच्या वार्ता वारंवार पडत आल्या आहेत. अमुक एक आरोग्यसेवा खाजगी संस्थेकडे सोपविण्यात आली, ही एक. आणि आरोग्य कर्मचारी संपावर गेले, ही दुसरी. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, खाजगीकरण म्हणजे नेमके काय आणि संपाच्या काळात रुग्णाने कोणाकडे पाहावे, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या सर्वांनाच उपयोगी पडेल अशा बेताने या विषयाची माहिती येथे दिली आहे.

सार्वजनिक आरोग्यसेवेची उभारणी

भारतात शासकीय आरोग्यसेवेचा आराखडा प्रथम तपशिलाने मांडला तो सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही उपचारावाचून राहावे लागू नये, हे तिच्या शिफारशींमागील मुख्य सूत्र होते. १९५२ मध्ये समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पुढे त्यांची प्रमाणे ठरली. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र; त्याखाली अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर साधारणपणे दर हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती या साखळीत आली.

या व्यवस्थेस घटनेचा आधार आहे. लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य असल्याचे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांच्या सूचीत येतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुरास अनेक शासकीय रुग्णालयांनी जागा नाही वा सोय नाही या कारणावरून परत पाठविले होते. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण हे त्यावरील उत्तर होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सीमाभागात या सेवेची गरज किती, हे निपाणीच्या उदाहरणावरून ध्यानी येते. तंबाखूच्या वखारींतून आणि बिडीच्या धंद्यातून येथील हजारो स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या काम केले. तंबाखूची धूळ सतत नाकातोंडात जाण्याचे परिणाम त्यांच्या शरीरावर होत आले. बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी स्थापन झाला आणि बिडीवरील उपकरातून दवाखाने चालविण्याची सोय झाली. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला. त्या खर्चासाठी आता अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून राहावे लागते. सेवा कोणाच्या पैशाने आणि कोणत्या हमीवर चालते, हा प्रश्न म्हणूनच केवळ हिशेबाचा राहत नाही.

खाजगीकरणाची पाच रूपे

खाजगीकरण म्हटले की शासकीय इस्पितळाची इमारत कोणा धनिकास विकली, असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा इमारत शासनाची, फलक शासनाचा आणि पैसाही शासनाचा असतो. बदलतो तो काम करविणारा. त्याची प्रमुख रूपे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले रूप म्हणजे संपूर्ण संस्थाच चालविण्यास देणे. रायचूर येथील राजीव गांधी अतिविशेष उपचार रुग्णालय हे याचे कर्नाटकातील ठळक उदाहरण होय. तेल निर्यातदार देशांच्या निधीतील साहाय्याने उभारलेले हे रुग्णालय शासनाने करारान्वये अपोलो या खाजगी रुग्णालय समूहाकडे चालविण्यास दिले. हा करार २०१२ मध्ये संपला आणि रुग्णालय पुन्हा शासकीय व्यवस्थेकडे आले. गरीब रुग्णांसाठी ठरविलेल्या सोयी त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचल्या, यावर त्या काळात जनआरोग्याच्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी गंभीर आक्षेप घेतले होते. याच्या उलट उदाहरणही कर्नाटकातच सापडते. येळंदूर तालुक्यातील गुंबळ्ळीचे प्राथमिक आरोग्य केंद्र १९९६ मध्ये डॉ. एच. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टकडे देण्यात आले आणि ते चांगल्या रीतीने चालविलेले केंद्र म्हणून नावाजले गेले. मात्र करुणा ट्रस्ट ही नफ्यासाठी काढलेली संस्था नव्हे, आणि तिचे कार्यकर्ते त्या भागात अनेक वर्षे राहून काम करीत होते, हा फरक विसरता येत नाही.

दुसरे रूप म्हणजे एखादी सेवा तोडून देणे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ रोजी 'आरोग्य कवच' या नावाने ईएमआरआय या संस्थेशी केलेल्या कराराद्वारे सुरू झाली. महाराष्ट्रात तीच सेवा २०१४ मध्ये बीव्हीजी या कंपनीमार्फत आली. शासकीय रुग्णालयांतील रक्तलघवीच्या तपासण्या आणि रक्तशुद्धीकरण यांचे कामही अनेक ठिकाणी याच पद्धतीने चालते.

तिसरे रूप स्वच्छता, सुरक्षा, कपडे धुणे, स्वयंपाक या कामांचे. ही कामे बहुतेक सर्वत्र ठेकेदारांकडे गेली आहेत आणि त्याविषयी फारसा ऊहापोहही होत नाही. परंतु प्रसूतिगृहातील फरशी स्वच्छ नसेल तर उत्तम डॉक्टरही जंतुसंसर्ग रोखू शकत नाही.

चौथे रूप नेमणुकीचे. मंजूर पद कायमस्वरूपी भरण्याऐवजी ११ महिन्यांच्या वा वर्षभराच्या करारावर, किंवा मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेमार्फत माणूस घेतला जातो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते व डॉक्टर यांपैकी फार मोठा भाग अशा करारावर आहे. आशा कार्यकर्तीस तर कर्मचारी म्हणूनही गणले जात नाही; ती स्वयंसेविका समजली जाते आणि तिला कामागणिक मोबदला व मानधन मिळते.

पाचवे रूप विम्याचे. शासन रुग्णाच्या वतीने खाजगी इस्पितळाकडून उपचार विकत घेते. कर्नाटकातील सहकारी शेतकऱ्यांची यशस्विनी योजना, २०१० मध्ये आलेली वाजपेयी आरोग्यश्री आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना, तसेच महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या त्या प्रकारच्या होत.

या पद्धतींच्या बाजूने काही कारणे दिली जातात आणि ती सरसकट पोकळ नाहीत. रिक्त पदे भरण्याची प्रक्रिया लांबते. तज्ज्ञ डॉक्टर तालुक्याच्या गावी येण्यास तयार नसतात. यंत्रे बंद पडली तर दुरुस्तीस महिने लागतात. करार केल्यास काम लवकर सुरू होते. १०८ ची गाडी दारात येऊ लागल्याने अनेकांचे प्राण वाचले, हेही खरे. परंतु लवकर सुरू झालेले काम टिकते कसे, आणि बिघडल्यास जाब कोणी द्यायचा, ही दुसरी बाजू पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

एका प्रसूतीमागील सात माणसे

ही दुसरी बाजू स्पष्ट होण्यासाठी सीमाभागातील एखाद्या खेड्यातील सर्वसाधारण प्रसूतीचा मार्ग पाहावा. गरोदर स्त्रीची नोंद करणारी, तिला तपासणीस नेणारी आणि कळा सुरू झाल्यावर रात्री-अपरात्री सोबत जाणारी आशा कार्यकर्ती मानधनावर असते. बोलाविल्यावर येणाऱ्या रुग्णवाहिकेचा चालक आणि तीमधील परिचर ही करार केलेल्या संस्थेची माणसे. आरोग्य केंद्रात तिला दाखल करून घेणारी परिचारिका अभियानाच्या करारावर असू शकते. रक्त तपासणारा तंत्रज्ञ बहुधा तसाच. खोली धुऊन काढणारी बाई ठेकेदाराची. या सर्वांत कायम शासकीय सेवेत असलेली व्यक्ती कदाचित एखादीच, ती म्हणजे वैद्यकीय अधिकारी. तीही काही ठिकाणी करारावरच असते.

त्या स्त्रीच्या व तिच्या नातलगांच्या दृष्टीने मात्र हा सगळा एकच 'सरकारी दवाखाना' असतो. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत प्रसूती, औषधे, तपासण्या व वाहन हे सर्व विनामूल्य मिळण्याचा तिला अधिकार आहे. तो अधिकार शासनाने दिलेला आहे, ठेकेदाराने नव्हे. पण साखळीतील प्रत्येक कडी वेगळ्या मालकाची असल्याने एक कडी तुटली की कोणाकडे तक्रार करावी हेच कळेनासे होते. रुग्णवाहिका आली नाही असे आरोग्य केंद्रात सांगावे तर ती आमच्या अखत्यारीत नाही, असे उत्तर येते. चालकास विचारावे तर वेतन थकल्याचे तो सांगतो. १०८ सेवेतील कर्मचाऱ्यांनी थकलेल्या वेतनासाठी कर्नाटकात वेळोवेळी आंदोलने केली, तेव्हा हाच गोंधळ अनुभवास आला. संस्था म्हणे शासनाकडून रक्कम आली नाही, आणि शासकीय अधिकारी म्हणत की वेतन देणे हे संस्थेचे काम.

ठेक्याने काम दुसऱ्याकडे जाते; जबाबदारी जात नाही. ती केवळ शोधावी लागते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संपांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

संप कशासाठी झाले

कर्नाटकात १० जुलै २०२० पासून सुमारे ४२ हजार आशा कार्यकर्त्यांनी काम थांबविले. तो करोनाच्या साथीचा काळ होता. घरोघरी जाऊन ताप पाहणे, बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवणे, विलगीकरणातील कुटुंबांची विचारपूस करणे ही कामे त्याच करीत होत्या आणि त्यांपैकी कित्येकींजवळ पुरेसे मुखपट्टे वा हातमोजेही नव्हते. दरमहा १२ हजार रुपये निश्चित मानधन आणि संरक्षक साहित्य या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये बेंगळूरच्या फ्रीडम पार्कवर त्यांनी चार दिवस धरणे धरले. तेव्हा किमान १० हजार रुपयांची हमी देण्याचे आश्वासन मिळाले. त्याच्या पूर्ततेसाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. केलेल्या कामाची नोंद संगणकीय प्रणालीत झाली नाही तर मोबदला बुडतो, ही त्यांची आणखी एक जुनी तक्रार आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील करारावरील कर्मचाऱ्यांनी कर्नाटकात दीर्घ संप केला. सेवेत कायम करावे, हीच त्यांची मुख्य मागणी होती. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा अशा कर्मचाऱ्यांचे मोर्चे व धरणी तेथेही येतात, हे या परिसरातील लोकांनी पाहिलेले आहे.

महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी जो संप केला तो तर खाजगीकरणाच्या प्रश्नावरच होता. परिचारिकांची रिक्त पदे बाह्य संस्थेमार्फत भरण्याच्या प्रस्तावास महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेचा विरोध होता. पगारवाढ ही त्यांची पहिली मागणी नव्हती. आज येणारी आणि सहा महिन्यांत जाणारी परिचारिका अतिदक्षता विभागातील अनुभव कोठून आणणार, हा त्यांचा प्रश्न होता. जून २०२१ मध्ये तेथील आशा कार्यकर्त्यांचा, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा दोनदा संप झाला. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मानधनात दरमहा ५ हजार रुपयांची वाढ करण्यात आली. दहा वर्षे सेवा झालेल्या अभियान कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला; तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्या कर्मचाऱ्यांनाही संप करावा लागला. नऊ खाजगी संस्थांमार्फत विविध विभागांत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा निर्णय तीव्र विरोधानंतर ऑक्टोबर महिन्यात रद्द झाला, हेही येथे नमूद करावयास हवे.

या संपांतील मागण्या एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यांत तीन सूत्रे आढळतात. मजुरी वेळेवर व निश्चित मिळावी; समान कामास समान वेतन असावे; आणि आपला मालक कोण, हे ठरावे. पहिल्या दोन मागण्या कोणत्याही कामगाराच्या असतात. तिसरी मात्र रुग्णाच्याही हिताची आहे. कारण ज्या कर्मचाऱ्याचा मालक निश्चित नाही, त्याच्या कामाची जबाबदारीही निश्चित राहत नाही.

कायद्याची बाजू

कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ज्या निर्णयाचा सर्वांत अधिक उल्लेख होतो, तो कर्नाटकाच्याच प्रकरणातील आहे. उमादेवी प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १० एप्रिल २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, तात्पुरत्या वा करारावरील नेमणुकीमुळे कायम होण्याचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. मंजूर पदावर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांसाठी एक वेळची सवलत मात्र त्यात ठेवली होती. हा निकाल मागील दाराने होणारी भरती रोखण्यासाठी होता. पुढे त्याचाच आधार घेऊन कायमस्वरूपी कामावर वर्षानुवर्षे तात्पुरती माणसे ठेवली जाऊ लागली. २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात समान कामास समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे न्यायालयाने सांगितले. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात तर उमादेवी निकालाचा असा उपयोग करून घेण्यावर न्यायालयाने स्पष्ट नापसंती व्यक्त केली.

ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याचे दायित्व मूळ नियोक्त्यावर येते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या अधिनियमात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रम संहितेतही ते कायम आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी यांसारख्या योजनांतील स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. तिच्या अंमलबजावणीची मागणी आशा कार्यकर्त्यांच्या संघटना तेव्हापासून करीत आल्या आहेत.

दुसऱ्या बाजूस, संपाचा हक्कही अमर्याद नाही. शासकीय कर्मचाऱ्यांना संप करण्याचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटले. अत्यावश्यक सेवांविषयीच्या कायद्याखाली शासन ठराविक मुदतीसाठी संपास मनाई करू शकते. महाराष्ट्रात हा कायदा 'मेस्मा' या नावाने परिचित आहे. येथे एक विसंगती ध्यानी घेण्यासारखी आहे. ज्या आशा कार्यकर्तीस वेतनाच्या वेळी स्वयंसेविका म्हटले जाते, तिचे काम थांबले की तेच काम अत्यावश्यक ठरते.

संपाच्या काळात रुग्णाचे काय

कारखाना बंद पडला तर माल निघत नाही; दवाखाना बंद पडला तर माणूस दगावू शकतो. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याच्या संपास इतर संपांहून वेगळी मर्यादा असते. अपघात, प्रसूती, सर्पदंश, अतिदक्षता आणि लहान मुलांचे गंभीर आजार यांवरील उपचार संपाच्या काळातही चालू राहिले पाहिजेत, हा संकेत जबाबदार संघटना पाळीत आल्या आहेत. जेथे तो मोडला जातो तेथे संपाचे कारण कितीही न्याय्य असले तरी लोकांची सहानुभूती ओसरते.

परदेशांतील अनुभव हेच सांगतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या छोट्या देशात २००२ च्या सप्टेंबरपासून २००३ च्या जूनपर्यंत डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांनी सार्वजनिक आरोग्यसेवेच्या खाजगीकरणाविरुद्ध संप केला. पांढरे कपडे घालून निघालेल्या मोर्चांत सामान्य नागरिकही मोठ्या संख्येने सामील झाले. स्पेनमध्ये माद्रिदच्या प्रांतिक शासनाने २०१२ मध्ये सहा रुग्णालये व २७ आरोग्य केंद्रे यांचे व्यवस्थापन खाजगी संस्थांना देण्याचे ठरविले. तेथेही पांढऱ्या पोशाखातील कर्मचाऱ्यांच्या मोर्चांत रुग्ण व शेजारीपाजारी चालले. न्यायालयाने या योजनेस स्थगिती दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली. या दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे, असे रुग्णांना पटले होते.

आपल्याकडील एक घटनाही बोलकी आहे. खाजगी वैद्यकीय संस्थांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक नोव्हेंबर २०१७ मध्ये बेळगावच्या अधिवेशनासमोर होते. त्यास विरोध करण्यासाठी राज्यभरच्या खाजगी डॉक्टरांनी बेळगावात मोर्चा आणला आणि काही दिवस आपले दवाखाने बंद ठेवले. त्या दिवसांत रुग्णांची रीघ शासकीय रुग्णालयांकडे लागली. तेथील डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या रजा रद्द करण्यात आल्या आणि अपुऱ्या मनुष्यबळावर त्यांनी तो भार सोसला. खाजगी सेवा बंद पडते तेव्हा सार्वजनिक सेवा आधारास असते. सार्वजनिक सेवाच ठेक्यांनी पोखरली गेली तर असा आधार उरणार नाही.

सीमाभागाचा वेगळा पेच

सीमाभागातील रुग्णाच्या दृष्टीने आणखी एक गुंतागुंत आहे. निपाणीच्या लोकांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, म्हणून अनेकजण तेथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे वळतात. खानापूर भागातील रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात आले आहेत. तेथे जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांकडून शुल्क आकारण्यास सुरुवात झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमेवरील ८६५ गावांतील लोकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. सीमेचा मूळ वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. त्याची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे.

परंतु आरोग्याच्या अंगाने एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. दोन्ही राज्यांच्या विमा योजना शस्त्रक्रिया व मोठ्या आजारांसाठी मोलाच्या आहेत, आणि पात्र कुटुंबांनी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि कोणत्याही विमापत्राने गावातील उपकेंद्रात एकही परिचारिका वाढत नाही. बाळाचे लसीकरण, क्षयरोग्याची नियमित औषधे, मधुमेह व रक्तदाबाची तपासणी, साथीच्या वेळी विहिरीच्या पाण्याचे शुद्धीकरण ही कामे विम्याने होत नाहीत. ती दररोज येणाऱ्या माणसाने करावी लागतात. शिवाय आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीचा प्रसंग वगळता खाजगी इस्पितळात जाण्यापूर्वी शासकीय रुग्णालयाची शिफारस लागते. म्हणजे विम्याचा दरवाजादेखील शासकीय दवाखान्यातूनच उघडतो.

ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांचे कर्तव्य

ग्रामस्थांनी प्रथम आपल्या गावच्या आरोग्य समितीकडे लक्ष द्यावे. प्रत्येक महसुली गावासाठी गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि तिला दरवर्षी १० हजार रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळण्याची तरतूद आहे. आरोग्य केंद्राच्या स्तरावर कर्नाटकात आरोग्य रक्षा समिती आणि महाराष्ट्रात रुग्ण कल्याण समिती काम पाहते. या समित्यांच्या बैठकीत पुढील प्रश्न विचारण्याचा ग्रामस्थांना पूर्ण अधिकार आहे. केंद्रात मंजूर पदे किती व भरलेली किती? त्यांपैकी करारावर किती? कोणती सेवा कोणत्या संस्थेकडे आहे, कराराची मुदत केव्हा संपते आणि देखरेख करणारा अधिकारी कोण? कर्मचाऱ्यांचे वेतन कोणत्या महिन्यापर्यंत दिले गेले? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाखाली ही माहिती लेखी मागता येते. मराठी भाषकांनी अर्जाची भाषा ही अडचण मानू नये. शाळेतील शिक्षकाच्या साहाय्याने कन्नडमध्ये अर्ज सहज लिहिता येतो.

अधिकाऱ्यांनी करार करताना किंमत पाहावी तितकीच कर्मचाऱ्यांच्या वेतनाची हमीही पाहावी. वेतन थकले तर ते थेट देण्याची तजवीज करारातच असावी. सेवेविषयी तक्रार कोणाकडे करावयाची, त्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक दवाखान्याच्या दर्शनी भागावर कन्नड व मराठी दोन्ही भाषांत लावल्यास रुग्णाची निम्मी वणवण वाचेल. संपाची सूचना आल्यावर तातडीच्या सेवांची व्यवस्था संघटनेशी बोलून आधीच ठरवावी. आश्वासन देऊन संप मिटविणे सोपे असते; दिलेले आश्वासन पाळले गेले नाही की पुढचा संप अधिक कडवट होतो, हे आशा कार्यकर्त्यांच्या उदाहरणावरून दिसून आले आहे.

शिक्षकांचे स्थान यात विशेष आहे. गावात लिहिता-वाचता येणारा आणि दोन्ही बाजूंचा विश्वास असणारा मनुष्य म्हणजे शिक्षक. संप सुरू झाला की कर्मचारी आळशी, शासन निष्ठूर, खाजगी डॉक्टर लुटारू, अशी एका वाक्याची मते गावभर पसरतात. अशा वेळी कोणाची मागणी काय आहे, कोणत्या सेवा चालू आहेत आणि तातडीच्या वेळी कोठे जावे, एवढी माहिती शाळेच्या फळ्यावर लिहिली तरी पुष्कळ काम होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक स्तरावर गौरव केला. तो गौरव योग्यच होता. परंतु वेळेवर मिळणारे वेतन, ठरलेला मालक आणि भरलेली पदे यांची जागा गौरवचिन्ह घेऊ शकत नाही. एखादे काम शासनाने स्वतः करावे की इतरांकडून करवून घ्यावे, हा प्रत्येक कामाच्या स्वरूपानुसार विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे. ते कोणाकडूनही करवून घेतले तरी रुग्णासमोर उत्तर देण्यास शासनाचा एक निश्चित मनुष्य उभा असला पाहिजे, आणि तो कोण हे गावातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.